क्वाड ठेवायची की काढायची

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून डायरी लिहिणार. पशुखाद्याच्या दुकानदाराने फुकट दिली, जाड पुठ्ठ्याची. ह्यांनी विचारलं, तू काय लिहिणार त्यात? म्हटलं, दिवसभर रेडिओला कान लावून बसणाऱ्या माणसाला काय सांगायचं. शाळा चौथीत सुटली म्हणून डोकं सुटलं नाही माझं. सही येते, हिशोब येतो, आणि माणूस बघितला की आतून कसा आहे ते कळतं.

मुद्दा क्वाडचा. क्वाड म्हणजे आमची चार चाकांची मोटरसायकल. गोठा टेकडीवर. तिथून दुधाचे कॅन क्वाडवर बांधायचे, ओढ्यापर्यंत उतरायचं, पलीकडचा चढ चढायचा, की डांबरी रस्ता. तिथे डेअरीचा टँकर येतो. थांबतो म्हणायचं, पण थांबल्यासारखा थांबत नाही. ड्रायव्हरचा एक पाय कायम गाडीतच.

आज क्वाड परत बरोबर त्या चढावर बंद पडली. उतरले. तिला चार शब्द सुनावले. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं. भरपूर. झाकण लावलं, बटण दाबलं, झाली सुरू. माझा हातच तसा आहे. दुसरं कोणी असतं तर तिथेच बसलं असतं डोक्याला हात लावून.

ठरलं. दुरुस्त करायची. फायनल.

५ फेब्रुवारी, बुधवार

परत तिथेच. परत झाकण उघडून बघितलं, परत सुरू. टँकर निघता निघता गाठला.

मूळ कारण मला माहीत आहे. सूनबाई. महिन्यापूर्वीपासून कॅन ती बांधते आणि महिन्यापूर्वीपासूनच क्वाडला हे खूळ लागलंय. तोंडावर बोलणार नाही. घरात शांतता ठेवायची तर मलाच गप्प बसावं लागतं.

दुपारी बोलले. ती म्हणाली, आई, कॅनचा आणि इंजिनाचा काय संबंध? म्हटलं, संबंध कळायला वय लागतं.

महिन्यापूर्वीवरून आठवलं. तेव्हा ड्रायव्हर म्हणाला होता, काकू, कॅनला पेट्रोलचा वास मारतोय, डेअरी दूध परत करेल. मी काय ऐकून घेणारी आहे? टाकीभोवती नाक फिरवलं. झाकणातून एक बारीक रबरी नळी वर येते, वास तिच्यातून. ओला साबण घेतला, चांगला दाबून भरला, वरून बोट फिरवलं. वास बंद. एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनियर, पण नळी उघडी ठेवून मोकळे. हे कोणाला सांगितलं नाही. उगाच सगळे करत सुटतील.

८ फेब्रुवारी, शनिवार

क्वाड घेऊन मेकॅनिककडे गेले. वाटेत दोनदा थांबली, दोन्ही वेळा झाकण उघडून समजूत घातली. आली बिचारी.

मेकॅनिक बोलतो फार. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, बॅटरीला तार लावून बघितली. एक मारुतीची शेपटी होईल एवढी कारणं सांगितली. मग टाकीत थोडं पेट्रोल ओतून गॅरेजभोवती चक्कर मारून आला. म्हणाला, मावशी, ठणठणीत आहे. हिला काही झालेलं नाही.

म्हटलं, मग मला झालंय का?

तो फडक्याने हात पुसत बसला.

असो. दुरुस्ती झाली. विषय संपला.

१० फेब्रुवारी, सोमवार

विषय संपला नाही. क्वाड चढावर मेली. या वेळी मीही रागावले, झाकणबिकण काही उघडलं नाही, म्हटलं बघू कोण आधी नमतं. बटण दाबत राहिले. टँकर आला, हॉर्न वाजवला, गेला. त्याची पाठ बघत उभी राहिले.

दूध घरी परत. वासरांना पाजलं, शेजारी दिलं, तरी उरलंच. ओतावं लागलं. ओतताना ह्यांनी रेडिओ बंद केला. बोलले असते तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

संध्याकाळी डेअरीच्या सुपरवायझरचा फोन. म्हणे, बाई, परत चुकलं तर तुमचा थांबा बंद. एका घरासाठी टँकर ताटकळत ठेवता येत नाही. थांबा बंद म्हणजे दूध बंद, आणि दूध बंद म्हणजे गाई विकायच्या. हे मला कोणी समजावून सांगायला नको. मीच एकेकीला वाढवलंय.

झाला निर्णय. नवी क्वाड घ्यायची. आता मागे बघणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शोरूमला गेलो, मी आणि सूनबाई. तिथला टायवाला विक्रेता मला मॅडम म्हणाला. माणसं ओळखतो.

लाल रंगाची होती. चोक नाही, काही नाही, बटण दाबा आणि निघा. टायवाला म्हणाला, चालवून बघा. सूनबाई बसली, मागच्या आवारात एक चक्कर मारली, जिथून निघाली तिथे आणून उभी केली. टाळी वाजवायची एवढंच बाकी ठेवलं त्याने. त्यात काय एवढं? मोकळी जागा, सपाट फरशी. माझी गाय पण चालवेल.

मग मी बसले. मशीन पुढे न जाता मागे गेलं. दारातला 'वेलकम'चा बोर्ड आडवा झाला आणि मागच्या दोन कुंड्या. टायवाला म्हणाला, मॅडम, रिव्हर्स पडला होता. मी पाडला नव्हता. आपोआप पडला. यावरून कळतं माल कसा आहे. आणि गाडी मागे जाताना कुंड्या मध्ये ठेवायच्या कशाला?

सूनबाई येताना पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते. म्हटलं, काय झालं? म्हणाली, खोकला.

जुनीच बरी. ती निदान पुढे तरी जाते. जाते तेव्हा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हे म्हणाले, क्वाड बदल, नाहीतर चालवणारी बदल.

दिवसभर ह्यांच्याशी बोलले नाही. चांगली शिक्षा झाली. दुपारी रेडिओचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. चिडले असणार.

संध्याकाळी बोलावं लागलं, काळी गाय व्यायला आली होती. वासरू उलटं. सूनबाईने दोर धरला, ह्यांनी पाय धरले, मी सूचना दिल्या. वासरू सुखरूप. सूचना वेळेवर मिळाल्या की कामं होतात.

या गाई मी विकणार नाही. हे सर्वात फायनल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नवीन पद्धत. टँकरच्या खूप आधी निघायचं, आणि क्वाडशी गोड बोलायचं. आजवर हिला फक्त बोलणीच बसली, त्याने मन खट्टू झालं असणार तिचं. निघताना सीटवर थोपटलं, जा गं माझी बाई म्हटलं. सूनबाई दारात उभी होती. ती म्हणाली, आई, मला कधी म्हणाल असं?

चढावर बंद पडली. झाकण उघडून बघितलं, चालू झाली, जरा पुढे गेली, बंद. परत उघडलं. पुढे मलाच लाज वाटली, किती वेळा पेट्रोल बघायचं? आहे ते आहे. ढकलायला लागले. भरलेल्या कॅनसकट क्वाड ढकलणं म्हणजे बैलाला जिना चढवणं. टँकर गेला.

दुपारी सुपरवायझर स्वतः टेकडी चढून आला. बुटांना ओढ्याचा चिखल, तोंड लाल. थांबा बंद करायचं सांगायला आला होता. मी त्याला बोलूच दिलं नाही. डेअरी, टँकर, ड्रायव्हरचा एक पाय, सगळं काढलं. माणूस नुसता घाम पुसत होता. सूनबाईने पाणी दिलं आणि त्याला वाट दाखवायच्या निमित्ताने खाली घेऊन गेली. बरंच केलं, माझं अजून अर्धं बोलणं शिल्लक होतं आणि त्याला ते झेपलं नसतं.

वरून बघितलं तर दोघं वाटेवर उभे राहून हात पसरून काहीतरी दाखवत होते. ही पोरगी कोणाशीही गप्पा मारते. जाताना त्याने वर बघून हात हलवला आणि थांबा बंद केला नाही. म्हणजे माझ्या बोलण्याचा परिणाम झाला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल आणि आज सूनबाईने सायकलवर कॅन बांधून नेले. एक नेऊन ये, दुसरा ने. टँकरला पोचले सगळे. पण ही काही पद्धत नाही. मी डोकं चालवतेय तोपर्यंतची सोय.

जेवताना ती म्हणाली, आई, शुक्रवारपासून डेअरीचं... म्हटलं, जेवताना डेअरी नको, मी विचार करतेय. ती म्हणाली, पण ऐका तरी, शुक्रवारपासून... म्हटलं, ऐकलं. हे ताटात बघून हसत होते.

डोकं खरंच शिणलंय. दुरुस्त करावी तर करून झाली. बदलावी तर नवी मागे जाते. आमच्या घरात विचार करायचं खातं एकट्या माझ्याकडे आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मेकॅनिक आला. मी बोलावला नव्हता. मी चार ठिकाणी सांगितलं की त्याने क्वाडची वाट लावली, ते त्याच्या कानावर गेलं. तणतणत आला. म्हणाला, मावशी, माझं नाव खराब करू नका, बसा मागे, मी चालवतो. म्हटलं, मी मागे बसत नाही. तो बसला, मी पायी. मागून हे आणि सूनबाईसुद्धा आले, तमाशा बघायला.

चढावर बंद. मला इतका आनंद झाला! म्हटलं, आता बोल.

तो खाली उतरला. टाकीचं झाकण हळूच फिरवलं. सूंऽऽ असा आवाज आला, जशी टाकी श्वास घेते. त्याने झाकण लावलं, सुरू केली, जरा पुढे जाऊन परत बंद. परत झाकण, परत सूंऽऽ. मग झाकणातली रबरी नळी वाकवून बघितली, खिशातून तार काढली, आत घातली. बाहेर आला साबण. वाळून खडा झालेला, तरी वास अजून ताजा.

तो म्हणाला, या नळीतून टाकीत हवा जाते. हवा नाही गेली तर पेट्रोल खाली उतरत नाही, इंजिन उपाशी मरतं. झाकण उघडलं की हवा मिळते, परत चालतं. कोणी कोंबला हा?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे त्यांच्या मनात आधीपासूनच होतं. म्हटलं, दुधाला वास लागत होता म्हणून विचार करून घातला होता. मेकॅनिक म्हणाला, अहो मावशी, कॅन टाकीला चिकटून पुढे बांधता, मागच्या कॅरिअरला बांधा, वास कशाला लागेल? सूनबाई म्हणाली, मी मागेच बांधत होते, आईंनीच पुढे घ्यायला लावले. ह्यांनी तो साबणाचा खडा उचलून नाकाला लावला आणि म्हणाले, महिनाभर हा हरवलाय म्हणून मी नुसत्या पाण्याने आंघोळ करतोय.

मेकॅनिक जाताना गालात हसत गेला. जाऊ दे.

खरं काय झालं ते नीट लिहून ठेवते. झाकण उघडलं की चालते, हे सगळ्यात आधी मीच शोधलं होतं. पहिल्याच दिवशी. रोग माझ्या हातात होता, मेकॅनिकने नुसती तार घातली. म्हणजे दुरुस्त करायची हा माझा पहिला निर्णयच बरोबर निघाला.

संध्याकाळी चार वेळा ओढ्यापर्यंत जाऊन आले. एकदाही थांबली नाही. उद्या टँकरच्या आधी रस्त्यावर उभी असेन. ड्रायव्हरला दोन्ही पाय खाली ठेवायला लावते की नाही बघा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पहाटेच निघाले. सूनबाई मागून काहीतरी ओरडत होती, इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. पहिल्या खेपेचे कॅन मागे बांधलेले. ओढा ओलांडला, चढ चढला, एकदाही श्वास अडकला नाही. रस्त्यावर पहिली मी. टँकरचा पत्ता नाही.

मग आला. मोठा नाही, छोटा, नवा. मी हात केला. तो माझ्यासमोरून वळला आणि सरळ आमच्या वाटेला लागायला लागला. मी आडवी गेले. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, काकू, आजपासून आम्ही वरच येतो, गोठ्यात. सुपरवायझर साहेबांनी परवा ही वाट मोजून बघितली, छोटी गाडी आरामात जाते म्हणाले. तुमच्या सूनबाईंनी विचारलं त्यांना. सांगितलं नाही का तुम्हाला?

म्हटलं, इतकी वर्षं का नाही आलात मग?

तो म्हणाला, कोणी विचारलंच नव्हतं.

मी आजवर कोणाला काही विचारलेलं नाही. आपण विचारत नाही, आपण ठरवतो.

वाट अरुंद. क्वाड मध्ये उभी. त्याला पुढे जाता येईना, मला बाजूला होता येईना. शेवटी मीच क्वाड वळवली आणि पुढे निघाले, भरलेले कॅन घेऊन, परत घरी. मागे टँकर. मी हळू चालवली, वळणावर हात दाखवला, ओढ्यापाशी थांबून पाणी किती आहे ते बघितलं आणि त्याला या म्हणून खूण केली. तो सगळ्या वाटेभर हॉर्न वाजवत होता.

गोठ्यापाशी सूनबाई बाकीचे कॅन ओळीने लावून उभी होती. हे दारात. रेडिओ बंद. म्हणाले, आलीस? म्हटलं, आणलं त्याला.

क्वाड ठेवायची. फायनल. वाट एकच आहे, सरळ आहे, पण टँकरवाला नवखा. रोज कोणीतरी पुढे जायला हवं. हॉर्न वाजवतो म्हणजे मान देतो.