बहीण हयात, प्रकृती माहीत नाही

चि. धाकटीस,
ताईचे आशीर्वाद. (अजून घेत असशील तर.)

विमा कंपनीच्या फॉर्मवर सख्ख्या भावंडांचा एक रकाना आहे. त्यात प्रत्येकाचं वय, ते हयात आहे की नाही आणि प्रकृती कशी आहे हे लिहावं लागतं, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. गैरसमज नको. तुझी प्रकृती मी विचारत नाही, कंपनी विचारते. वय मला पाठ आहे. हयात आहेस हे गृहीत धरलं, कारण तसं काही झालं असतं तर तुझ्या नवऱ्याने कळवलं असतं (कळवाकळवीच्या बाबतीत तो तुझ्यापेक्षा बरा). प्रकृतीच्या जागी मात्र मी 'माहीत नाही' असं लिहिलं. तीस वर्षं मी पाण्याचे नमुने तपासले. जी बाटली पाहिली नाही तिच्यावर 'पिण्यास योग्य' असा शिक्का कधी मारला नाही, मग तुझ्यावर कसा मारू? एजंट फॉर्म घेऊन परत आला. "मॅडम, सख्ख्या बहिणीची प्रकृती माहीत नाही असं कोणी लिहितं का? 'उत्तम' लिहून टाका, कोण बघायला येतंय!" मी म्हटलं, तेच तर. कोणी येत नाही.

झालं असं, की पुढच्या महिन्यात मी निवृत्त होते आणि त्याच दिवशी ऑफिसचा विमाही संपतो. लॅबमधल्या सगळ्यांनी लकडा लावला आणि हा एजंट माझ्या गळ्यात मारला. तो आमच्याकडचाच जुना असिस्टंट. (आईच्या आजारपणात एकदा रिपोर्ट द्यायला घरी आला होता, आणि तू त्याला डॉक्टर समजून आईची सगळी लक्षणं सांगितलीस, तोच. त्यानेही सगळी ऐकून घेतली आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं.) नोकरी सोडून त्याला तीन वर्षं झाली, तरी माझ्यासमोर बसला की अजून हात मागे लपवतो, जसं काही आत्ताच काचेचं काहीतरी फोडून आलाय.

त्याचं म्हणणं असं, की माझ्यासाठी विमे दोन. एक जीवनविमा, म्हणजे मी गेले की वारसाला पैसे. दुसरा गंभीर आजाराचा, म्हणजे यादीतला एखादा आजार निघाला की माझ्याच हातात एकरकमी पैसे, मी जिवंत असताना. मी विचारलं, लगेच? तर म्हणे लगेच नाही, आजाराचं निदान झाल्यापासून तीस दिवस जगावं लागतं.

"आणि एकोणतिसाव्या दिवशी गेले तर?"

"मग नाही मिळत, मॅडम."

"म्हणजे एवढ्या आजारात मी कॅलेंडरवर नजर ठेवायची?"

"तुम्ही ठेवालच, मॅडम."

दोन्हींचा फरक मी कागदावर मांडून पाहिला. एकात मी नसताना तुला पैसे मिळतात, दुसऱ्यात तू नसताना मला. तिसरा कुठला प्रकार निघतो का, असं मी विचारलं. तिसरा म्हणजे कसा, असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला चहा गार होतोय याची आठवण करून दिली. मग तो म्हणाला, तुमच्यावर कोण अवलंबून आहे यावर सगळं ठरतं. मी सांगितलं, कोणी नाही. "आणि तुम्ही कोणावर?" हा प्रश्न फॉर्मवर आहे का, असं मी विचारलं. नव्हता.

पुढचे हाल थोडक्यात सांगते. (थोडक्यात मला जमत नाही असं तू म्हणायचीस. आता ऐकायला समोर बसणारं कोणी नसतं, त्यामुळे जमायला लागलं होतं, पण कागद दिसला की पुन्हा सवय उसळते.) गेल्या पाच वर्षांत काय काय दुखलंखुपलं या प्रश्नाला मी जोडपत्र लावलं, त्यात सर्दी बावीस आणि बोटात गेलेलं कुसळ एक. एजंट रडकुंडीला आला. मग कंपनीने रक्त घ्यायला एका नर्सबाईंना घरी पाठवलं. त्यांनी बाटल्यांवर नुसतं आडनाव लिहिलेलं पाहून माझं डोकंच फिरलं. नमुना कोणाचा, कधी घेतला, कोणी घेतला, हे नसेल तर ती बाटली आहे की लोणच्याची बरणी? मी त्यांना शेजारी बसवून तिन्ही लेबलं पुन्हा लिहायला लावली. चुकली म्हणून आणखी एकदा लिहायला लावली. अतिशय सुंदर लेबलं झाली. बाई आभार मानून, बाटल्या पिशवीत घालून निघूनही गेल्या, आणि जिन्याचं दार वाजल्यावर माझ्या लक्षात आलं की रक्त घ्यायचं राहिलं. दंडाला पट्टा तसाच होता. त्या अर्ध्या तासात घरात दुसऱ्या माणसाचा आवाज होता, हे मला पट्टा सोडताना जाणवलं. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा मी काहीही बोलले नाही. (म्हणजे लेबलांबद्दल.)

मग आईच्या आजाराची माहिती हवी झाली, म्हणून मी ती जाड बांधणीची वही काढली. वेळ, ताप, रक्तदाब, औषध, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात उलटी झाली का, झोप लागली का, एवढंच लिहायचं, असं तू मदतीला आलीस तेव्हा मी तुला दोनदा बजावलं होतं. तू लिहिलंस, 'आज आई हसली.' दुसऱ्या दिवशी, 'दोनदा हसली, एकदा ताईला.' त्यावर मी लाल शाईने 'अनावश्यक' लिहून सही केली होती. एजंट पानं उलटत होता. म्हणाला, "मॅडम, आठ महिन्यांत त्या चौदाच दिवस हसल्या?" मी सांगितलं, नोंद चौदाच दिवसांची आहे. त्याने वही मिटून माझ्याकडे सरकवली.

चौदाव्या दिवशी मी लॅबमधून घरी आले तर पलंग रिकामा. तू आईला खुर्चीवर बसवून खाली अंगणात नेलं होतंस, उन्हात. रिकामा पलंग पाहून मला काय वाटलं ते मी तुला सांगितलं नाही. जे बोलले ते मात्र चारही मजल्यांनी ऐकलं. चौदा दिवसांच्या पाहुणीने पाहुणीसारखं राहावं, असं मी म्हटलं, आणि सकाळी तू गेलीस. चार वर्षं झाली. आई गेली तेव्हा तू येऊन दारातच उभी राहिलीस. मी बस म्हणायला हवं होतं. तू तिला उन्हात नेलंस त्या दिवशी तासाभराने मी आईचा ताप पाहिला होता. नेहमीइतकाच होता, काडीचा फरक नव्हता. वहीत तसं लिहिलेलं आहे, फक्त तुला कळवायचं राहिलं. परवा मी तो लाल शेरा खोडला, तारीख घातली आणि खाली सही केली.

शेवटी मी गंभीर आजाराचा विमा निवडला. एजंटाला वाटतं त्याने पटवलं. खरं म्हणजे जीवनविम्यात तू येशील, पण मग मला त्याचा काही उपयोग नाही. यात निदान तीस दिवसांची अट आहे. तीस दिवसांत माणूस कुठूनही येऊन पोहोचतं.

तरी प्रकृतीबद्दल दोन ओळी कळव. खोकला हिवाळ्यातच येतो की बाराही महिने? गुडघा? जिने चढतेस का? झोप किती तास? हे सगळं कंपनीला हवं आहे.

तुझी,
ताई

ता. क. निवृत्तीच्या दिवशी लॅबमध्ये छोटा समारंभ ठेवला आहे. निवृत्त होणाऱ्याच्या शेजारी घरच्या एका माणसाची खुर्ची मांडतात. ती मांडू नका, असं मी सांगितलं होतं. त्यांनी मांडायचं ठरवलंच आहे, तर माझा नाइलाज आहे.

ता. क. २. सकाळची बस सव्वाअकराला पोहोचते. बसस्टँड आता बाजारामागे नाही, पाण्याच्या टाकीजवळ गेला आहे. नुसतं माहिती असावं म्हणून लिहिलं.

ता. क. ३. खोटं लिहायची सवय नाही, म्हणून सांगते. कंपनीने फॉर्म 'माहीत नाही' यासकट मंजूर केला आहे. पॉलिसी येऊन तीन आठवडे झाले. वरचे प्रश्न माझे आहेत.

एजंट कंपनीच्या बैठकीसाठी तुझ्या गावी येतो आहे. सोमवारी दुपारी त्याच्या हाती देते आहे ते असं: बंद पाकीट, एक. समारंभाची पत्रिका, एक, 'घरची व्यक्ती' यापुढे तुझं नाव, शाईने. इकडे येण्याचं बसचं तिकीट, एक, तारीख घातलेलं. परतीचं दिलेलं नाही.