बापावर गेला

गुरुजी, तुमी बैठका मारायचे तेव्हा मी आकडे चुकवायची, ते तुमाला कळत होतं ना? सतरा झाले की मी परत सतरा बोलायची आणि सगळी पोरं तोंड दाबून हसायची. तुमच्या पन्नास बैठकांच्या साठ व्हायच्या. तुमी चामटोलीच्या शाळेत आले तेव्हा कडेवर दोन वर्षांची पोरगी होती आणि तिला आई नव्हती. गावातल्या बायका बोलायच्या, मास्तर पोरीला कुणाकडे तरी ठेवील, नायतर वर्षभरात दुसरं लगीन करील. तुमी दोन्ही केलं नाय. सकाळी घंटा व्हायच्या आधी शाळेच्या अंगणात तिला खांद्यावर बसवायचे आणि बैठका सुरू. ती तुमचे केस मुठीत धरून बसायची, तुमी खाली गेले की खिदळायची. आमी दप्तरं टाकून बघत उभे. मोजायचं काम माझं, कारण माझा आवाज मोठा. एकदा घाम पुसत तुमी बोलले, "गणित तुला येत नाही की मला?" मी बोलली, "गुरुजी, पोट अजून दिसतंय तुमचं, म्हणून जास्त मोजलं." पोट कुठं होतं तुमचं? पाठीला लागलेलं. पण तुमी हसले.

मग तो दिवस. तुमची पोरगी पायरीवर बसून खडू चावत होती आणि मी तिच्यासमोर तुमची नक्कल करत होती. डोळे वटारायचे, फुसफुस करायची, उठायचं, बसायचं, आणि बोलायचं, तुझा बाप बेडूक, तुझा बाप बेडूक. ती आधी हसली, मग एकदम भोकाड पसरलं. मला वाटलं आता छडी. तुमी मला वर्गाच्या मागं नेलं आणि हळू आवाजात बोलले, "मला काय बोलायचं ते बोल. पण तिच्या देखत तिच्या बापाला हसू नकोस. तिला तेवढंच आहे." मी दहा वर्षांची. मान हलवली आणि विसरून गेली. पन्नास वर्षं विसरली. आता आठवलं, म्हणून लिहायला बसली. पान नातीच्या वहीतलं फाडलंय, शुद्धलेखनाला मार्क देऊ नका.

मी आता बदलापूरच्या शिरगावात राहते, बिल्डिंगीत, चौथ्या मजल्यावर. घरात लेक, सून आणि चार वर्षांची नात. सून अंबरनाथला कंपनीत पॅकिंगला जाते. लेक उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या फर्निचरच्या दुकानात काउंटरला बसायचा, दिवसभर खुर्ची सुटायची नाय. शेठ प्रेमळ माणूस, सकाळी गेल्या गेल्या "आओ साईं" करून तेलात तळलेलं दाल-पकवान पुढं सरकवायचा, आणि माझ्या लेकाला नको बोलायला येत नाय. ते मी शिकवलंच नाय. तिसऱ्या भाकरीला हात आडवा केला की मी बोलायची, "घे रे. बापावर गेलायस, तुझा बाप चार खायचा." त्याचा बाप, माझा नवरा, चाळिसाव्या वर्षी गेला. कंपनीच्या गेटवर, हातात डबा, उघडलेला पण नाय. लेक तेव्हा सहा वर्षांचा. तेव्हापासून मी ह्याच्यात त्याला शोधत आलेय. नाक बापाचं, घोरणं बापाचं, चपला दारात उलट्या टाकायची सवय बापाची. दिवसातून दहा वेळा माझ्या तोंडात तेच, बापावर गेलाय. दुसऱ्या बायका फोटोला हार घालतात, मी हे बोलायची.

दिवाळीनंतर त्याला चक्कर आली. बदलापुरातल्या डॉक्टरकडे नेला. रक्त तपासलं तर शुगर निघाली, बीपी निघालं, वजनाच्या काट्याने तर मानच टाकली. डॉक्टर बोलले, "रोज पाऊण तास चाला आणि पॉझिटिव्ह राहा. लहान मुलगी आहे तुम्हाला." मी मधेच तोंड घातलं, "डॉक्टर, कोरोनात कुणी पॉझिटिव्ह निघाला की तुमी आमाला कोंडून घालत होते. आता मुद्दाम व्हायचं?" डॉक्टर हसले, लेक पण हसला. असं सगळं हसण्यावारी न्यायचं, दुसरं काय येतंय मला.

पण त्याने मनावर घेतलं, गुरुजी. आकाशी रंगाचे बूट आणले आणि सकाळी सहाला खरवईच्या बाजूला चालायला जायला लागला. दाल-पकवान सोडलं, शेठला सांगितलं पोट बिघडलंय. परत आला की नातीला पाठीवर घेऊन हॉलभर घोडा घोडा करायचा, ती ओरडायची, "अजून एक राउंड!" सून माझ्या कानात बोलली, "आई, किती दिवसांनी हसतायत बघा." एकोणीस दिवस गेला. विसाव्या दिवशी बिल्डिंगीतल्या तीन बायका लिफ्टसमोर उभ्या, मी नातीचा हात धरून उभी, आणि समोरून हा येतोय. घामाघूम, टी-शर्ट पोटाला चिकटलेला. मी बोलली, "सरका गं, पैलवान आले! नववा महिना लागलाय, तरी बघा कसे चालतायत!" बायका फिदीफिदी हसल्या. नातीला काय कळतंय, ती टाळ्या वाजवायला लागली, "पैलवान पप्पा! पप्पाचं पोट नाचतंय!" एवढ्यावर थांबायचं ना मी. वरून बोलली, "चार दिवसांचं कौतुक हो. बापावर गेलाय ना, त्याचं पण असंच."

तो हसला. हसला म्हणून मला कळलं नाय. लिफ्ट आली तरी आत आला नाय, जिन्याने वर गेला. दुसऱ्या दिवशी सहा वाजले, साडेसहा वाजले, हा पांघरुणातच. सुनेने हाक मारली तर आतून बोलला, "राहू दे. झाले चार दिवस." संध्याकाळी बूट माळ्यावर गेले.

गेल्या महिन्यात बिल्डिंगीची लाइट गेली आणि लिफ्ट बंद पडली. नात बोलली, उचल, आणि त्याने उचलली. मी मागून पिशवी घेऊन चढतेय. दुसऱ्या मजल्यापर्यंत ती त्याचे कान ओढून त्याला हाकत होती. तिसऱ्यावर तो थांबला. तिला खाली ठेवली, अगदी हळू, काचेची बरणी ठेवतात तशी, आणि पायरीवर बसला. तोंड पांढरं, ओठ पांढरे. नात बोट ओढतेय, "उठ ना. पैलवान ना तू, उठ ना." मी किंचाळली. तिसऱ्या मजल्यावरचे काका धावत आले, दोघांनी धरून रिक्षात घातला. हॉस्पिटलात आठवडा काढला. हार्टचं पंपिंग कमी झालंय, बोलले. मोठ्या डॉक्टरीणबाई कागद भरत होत्या, त्यांनी विचारलं, "वडिलांना काही होतं?" मी तोंड उघडायच्या आत हाच बोलला, "चाळिसाव्याला गेले. आणि मी बापावर गेलोय, विचारा आईला." माझ्याकडे बघून डोळा मारला. बाई हसल्या नाय. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत लिहायला लागल्या.

तिथं त्या स्टुलावर मला पहिल्यांदा ऐकू आलं. गेला, हा एकच शब्द हाय ना आपला. नाकडोळे उचलले तरी गेला, आणि माणूस संपला तरी गेला. मी एक बोलत होती आणि तो दुसरं ऐकत होता. किती वर्षं ऐकत होता, हे विचारायची मला हिंमत नाय. सहा वर्षांच्या पोराने बापाला टेम्पोतून उतरवताना बघितलं, आणि मग त्याची आई रोज ताटावर बसवून, लाडाने, पाठीवरून हात फिरवत त्याला सांगते, तू त्याच्यावर गेलायस.

आता तो घरी असतो. गोळ्या दिल्या की घेतो, बाकी काय नाय. डॉक्टरीणबाईंनी घरातल्या घरात थोडं थोडं चालायला सांगितलंय, त्याला सोफा सुटत नाय. परवा मी बोलली, "ऊठ रे, बाल्कनीपर्यंत वीस पावलं हायत, मी मोजते."

"किती राहिली?"

"वीस बोलली ना."

"पावलं नाय गं, वर्षं. पप्पा चाळीस, मी अडतीस. दोन राहिली. बसून काढू दे की."

तेव्हा मी त्याला तुमची गोष्ट सांगितली. खांद्यावरची पोरगी, बैठका, सगळं. तो नीट ऐकत होता, मला वाटलं आता उठतोय. तर बोलला, "गुरुजी गेले तेव्हा केवढे होते?" काय सांगणार? तुमी काविळीत गेले तेव्हा पंचेचाळीसचे. तुमच्यासारख्या माणसाने निदान सत्तर तरी गाठायचे ना, मला कामाला आले असते. तो बोलला, "म्हणजे एवढ्या बैठका पाच वर्षांसाठी? पप्पांनी तर एक पण मारली नाय." मी बोलली, "त्यांची पोरगी मला भेटली होती बदलापूरच्या बाजारात. दोन पोरांची आई झालेली. बोलली, बाबांचा आवाज आता आठवत नाय, पण खांदे आठवतात, वरून सगळी शाळा दिसायची." नात जमिनीवर चित्र रंगवत होती, तो तिच्याकडे बघत राहिला. मग बोलला, "आमच्या ह्या छोट्या बाईला काय आठवेल? सोफा."

आणि मी हसली, गुरुजी. सवयच ती. तो पण हसला, जोरात हसला, मग त्याला धाप लागली आणि आमी दोघं थांबलो. टीव्ही लावला. बापावर कुठं गेलाय तो? त्याचा बाप तर दिवसाला चार शब्द बोलायचा, कुणाला दुखवायचा नाय. ह्याच्या तोंडात जीभ माझी हाय. माझ्यावर गेलाय. पण आता हे सांगून त्याला काय मिळणार? सून बोलते, "आई, तुमी समजवा ना, तुमचं ऐकतील." माझंच तर ऐकलं त्याने आजपर्यंत. नात आता उचल बोलत नाय. बाहुलीला मांडीवर घेऊन सांगते, "पप्पाला त्रास नाय द्यायचा हं." काल शेजारीण तिच्याकडे बघून बोलली, "हुबेहूब पप्पावर गेलीय," तर मी तिच्या अंगावर धावून गेली. बिचारी चहाची पावडर मागायला आली होती, तशीच परत गेली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाय, तुमाला आता पत्ता नाय. म्हणून जे सुनेला सांगितलं नाय ते लिहून टाकते. सगळ्यांना मी सांगते, त्या दिवशी लिफ्टसमोर जीभ घसरली. घसरली नव्हती. नवरा गेल्यापासून सकाळचा सहाचा चहा मी आणि लेक बाल्कनीत घ्यायचो. लहान होता तेव्हा दूध घेऊन बसायचा, पण बसायचा. सून तिच्या घाईत, नात झोपलेली, आणि आमी दोघं खाली रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवत अर्धा तास काढायचो. दिवसातलं माझं तेवढंच. तो चालायला जायला लागला आणि एकोणीस दिवस मी एकटी बसली. समोरच्या खुर्चीवर सून कपडे वाळत टाकायला लागली. त्या बायकांसमोर तोंड उघडलं तेव्हा मला नीट माहीत होतं मी काय करतेय. दुसऱ्या दिवशी तो उशिरा उठला, डोळे चोळत बाल्कनीत आला, कपडे उचलून बाजूला ठेवले आणि बोलला, "आई, चहा." मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी त्याच्या कपात पहिल्यासारखी दोन चमचे साखर घातली.