उसनी चाकं

मंगळवार, ता. ९

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे हिची तब्येत जैसे थे. सोमवार, बुधवार, शनिवार डायलिसिस आणि मधले दिवस त्यातून सावरण्यात जातात. परवा मला म्हणाली, "मशीनवर मी असते आणि तोंड तुमचं उतरलेलं." मी हसून वेळ मारून नेली.

शुक्रवारी गाडीची वार्षिक तपासणी आहे. दोन दिवस त्याच्याच मागे आहे. डाव्या दिव्याचा बल्ब बदलला, वायपरला नवी रबरं घातली, हॉर्नची सुटलेली तार जोडली. आता तो असा कोकलतो की समोरचे टेलरमास्तर कात्री टाकून बाहेर आले. हँडब्रेक ओढून चढावर गाडी उभी केली आणि दहा मिनिटं घड्याळ बघत बसलो. तसूभर सरकली नाही. आरसे पुसले, सीटखालची औषधांची रिकामी पाकिटं काढली. तू असतास तर म्हणाला असतास, "लग्नाला निघालीय का रे गाडी?"

टायर मात्र अजून जुनेच आहेत.

दादा, आमच्या गल्लीची एक रीत तुला कधी सांगितली नाही. कारखान्यात असताना आम्ही सगळ्यांनी एकाच वर्षी एकाच मापाच्या गाड्या घेतल्या. टेलरमास्तरांच्या माळ्यावर चार चांगली चाकं झाकून ठेवलेली असतात. आम्ही त्यांना 'पाहुणे' म्हणतो. ज्याची तपासणी असेल त्याच्याकडे पाहुणे जातात, शिक्का मिळाला की संध्याकाळी परत माळ्यावर. मग गाडीला पुन्हा आपली जुनी, तळहातासारखी गुळगुळीत चाकं. इतकी वर्षं आम्ही यावर हसत आलो.

गेल्या वर्षीही मी तेच केलं. शिक्का घेतला, पाहुणे परत केले.

महिन्याभराने मला ताप आला, म्हणून तुझी बबडी काकूला दवाखान्यात सोडायला आली. मी पांघरुणातूनच किल्ली दिली. बाहेर पाऊस होता. टायरचं सांगायला हवं होतं हे मला त्या क्षणी सुचलं होतं, दादा. सुचलं नव्हतं असं म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं आहे. सांगितलं असतं तर ती गेली नसती आणि हिची पाळी चुकली असती. मी कूस बदलली.

जाताना निभावलं. काकूला सोडून परत येताना गोदामाच्या वळणावर गाडी घसरून भिंतीवर गेली. पुढचं तुला माहीत आहे. तिच्या पायात सळई बसली, फिरतीची नोकरी गेली.

पण तुला माहीत नाही ते हे. दुसऱ्या दिवशी तू गाडी बघायला येणार म्हणून निरोप आला. तू येण्याआधी तासभर मी टेलरमास्तरांकडून पाहुणे आणले आणि गॅरेजच्या आवारात, अंगात ताप असताना, चारही चाकं बदलली. तू वाकलास, खाचांत नख घालून पाहिलंस आणि म्हणालास, "टायर नव्यासारखे, ब्रेक ठीक. म्हणजे कार्टीचंच लक्ष नव्हतं."

मी मान हलवली.

बबडी खाटेवरून मला सांगत होती, "काका, मी ब्रेक दाबला हो, गाडी थांबलीच नाही." मी म्हणालो, "होतं असं बेटा, घाबरल्यावर कळत नाही." त्या दिवसापासून तिने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. आणि मी अकरा महिने तुझा उंबरा चढलेलो नाही. कामाचं निमित्त सांगत राहिलो.

आजही गाडीला तीच गुळगुळीत चाकं आहेत. नवी घेतली असती तर हिने विचारलं असतं, आता का? पाऊस असला की चालत्या माणसाच्या वेगाने हिला नेतो, आणि घामाने माझा शर्ट भिजतो.

आज सकाळी टेलरमास्तर चाकं गडगडवत दारात आले. "घे बाबा, पाहुणे आले!" मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. ते बिचारे पाण्याचा तांब्या शोधत राहिले. मग मी त्यांच्यासमोरच हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "चाकं परत न्या मास्तर. मी बसने जाईन. आधी त्या पोरीला कळू द्या."

नवे टायर मागवले. या मापाचे आता सहज मिळत नाहीत, तीन आठवडे लागतील. म्हणजे शुक्रवारी गाडी नापास, आणि हिच्या नऊ खेपा बसने. मशीनवरून उठल्यावर तिला धड उभं राहवत नाही. काय करू, काही सुचत नाही. तुझ्याकडे गाडी आहे हे मला ठाऊक आहे. पण ती मागायला हे पत्र लिहिलं असं तुला क्षणभरही वाटू नये, म्हणून मागत नाही.

मागणं एकच आहे. खाली बबडीच्या नावाने लिहिलेलं वाक्य तिला तुझ्या तोंडून, मोठ्याने वाचून दाखव. तिला दोष तू दिलास आणि मी तो देऊ दिला.

बबडी, तू ब्रेक वेळेवर दाबला होतास.

एरवी पत्राच्या शेवटी तुझे आशीर्वाद मागतो, दादा. आज मागत नाही.

धाकटा