रिकाम्या गाडीचं वजन

मुंबई, १२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
वर्षालीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून चकित व्हाल. तपासाच्या विषयावर फोनवर बोलायचं नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. सहा वर्षं वाहिनीत दुसऱ्यांच्या कार्यक्रमांसाठी कागद गोळा केले. आता ‘शोधवार्ता’ या कार्यक्रमाचा एक भाग पहिल्यांदाच निर्माती म्हणून माझ्या हाती आला आहे. विषय समुद्रपूरचाच. जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर शेतकऱ्याचा कापूस कमी भरतो. तक्रारी ढीगभर, पण हे कसं करतात ते कॅमेऱ्यासमोर सांगणारा एकही नाही. तुम्ही तिथे अठरा वर्षं कामाला होतात. एखादा जुना माणूस सुचवा ना! जिवाला चैन नाही.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. खोटं आहे, पण सांगा.

माया असू द्या.
वर्षाली

समुद्रपूर, १९ नोव्हेंबर

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई मोहल्ल्यात विचारत फिरते, की पोरगी टीव्हीत आहे तर दिसून काऊन नाई राह्यली. निर्माती पडद्यामागे असते हे तिला पटत नाही. जुनी माणसं आता कुठली? दुसरा विषय घे. रस्त्यांवर कर, खड्डे भरपूर आहेत.

तब्येत जप, रुसू नको.
बाबा

मुंबई, २६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

खड्डे नकोत. महिनाभरात साक्षीदार मिळाला नाही, तर भाग रद्द होईल आणि पुन्हा संधी मिळेलसं वाटत नाही. सगळ्या गावाला ओळखता आणि मलाच टोलवता! रागात लिहिते आहे, पोटात घाला.

तुमचीच,
वर्षाली

समुद्रपूर, २ डिसेंबर

चि. वर्षालीस,
आशीर्वाद. घ्यावेस की नाही ते तू ठरव.

भरलेली गाडी तोलतात, मग कापूस उतरवून रिकामी तोलतात. फरक तो कापूस. रिकामी गाडी काट्यावर चढली, की तिच्यामागे काट्यावरच एक माणूस गुपचूप उभा राही. गाडी तेवढी जड भरे, कापूस तेवढा कमी. तो माणूस मी. मालक म्हणे, की तू फक्त उभा राह्यजो. नोकरी जाईल म्हणून राहिलो. दर गाडीमागे माझ्या वजनाएवढा कापूस गेला, आणि तेव्हा मी चांगला भरल्या अंगाचा होतो.

दुसरा कोणी शोधू नको.
बाबा

मुंबई, ८ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

संपादकांना सगळं सांगितलं. घरच्या माणसाची मुलाखत असलेला भाग आपण करायचा नसतो, म्हणून तो आता माझा सहकारी निकेश करील. माझं नाव त्यावर येणार नाही. चेहरा झाकायचा का, असं तो विचारेल. तुम्ही म्हणाल तसं होईल.

तुमचा फार राग आला आहे, आणि तुमच्याजवळ येऊन बसावंसंही वाटतं आहे. सोळा तारखेला त्याच्याबरोबर मीही येते. कॅमेरा सुरू असेल तेव्हा मी आत आईजवळ बसेन. त्याआधी तिला तुम्ही सांगा. ते काम निकेशचं नाही, आणि माझंही नाही.

माझा लोभ आहे तसाच आहे.
वर्षाली