कापसाची वडी

५ जून
नोकरी मिळाली! प्रयोगशाळेतल्या उंदरांचे पिंजरे साफ करायचे. लेक म्हणाली, आता शेजारी छाती फुगवून सांगते, आमची आई उंदरांची मावशी झाली. हे ज्या आजाराने गेले त्यावरच इथे काम चालतं, म्हणून तर अर्ज केला. तो आजार घराण्यातून उतरतो. लेक तपासणी करून घ्यायला तयार नाही. विषय काढला की उठून जाते.

१२ जून
संध्याकाळी प्रत्येक पिंजऱ्यात दाबलेल्या कापसाची वडी ठेवायची. निरोगी उंदीर सकाळपर्यंत ती पिंजून छान गोल घरटं करतो. आजारी उंदीर खातो, पितो, हिंडतो, पण वडीला शिवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे अगदी सुरुवातीचं लक्षण. ह्यांचंही अंथरुणापासूनच सुरू झालं होतं. आवरायचेच नाहीत.

३० जुलै
पुस्तकं वाचून जे उमगलं नव्हतं ते बाईंनी चहा पिता पिता सांगितलं. मेंदूत बिघडलेलं प्रथिन साचतं. तिथल्या राखणदार पेशी आधी तो कचरा उचलतात. मग त्याच खवळतात, मेंदूला सूज येते आणि धडधाकट पेशीही मरू लागतात. तिसऱ्या रांगेतल्या आजारी उंदरांना त्या पेशी शांत करणारं औषध पाण्यातून देतात. त्यांनी पुन्हा घरटी बांधलीत.

१९ ऑगस्ट
लेकीची रजई तशीच लोळत पडलेली. एवढ्या टापटिपीच्या पोरीची! म्हणाली, उशीर झाला गं, आजच्या दिवस तू घाल घडी. मी कामावर गेलेच नाही.

२० ऑगस्ट
आजही गेले नाही.

२३ ऑगस्ट
औषधाची बाटली पिशवीत घालून आणली. तिच्या चहात घातलं. तिला कळलं नाही.

४ सप्टेंबर
रोज देतेय. आज तिने घडी घातली. कोपऱ्याला कोपरा जुळवून.

१८ सप्टेंबर
पहिल्या रांगेतल्या वड्या जशाच्या तशा. त्या उंदरांना लक्षणांच्या आधीच औषध दिलं होतं. बाई म्हणाल्या, चुकलंच आपलं, कचरा उचलणाऱ्यांनाच आपण गप्प केलं. इतर रांगांच्या कितीतरी आधी हे आजारी पडले —
आणि लेकीला त्या दिवशी नुसताच उशीर झाला असेल तर —

१९ सप्टेंबर
औषध बंद. तिला सांगायला हवं. कुठल्या तोंडाने —

२ ऑक्टोबर
रजई जमिनीवर. लेक शेजारी बसून एकटक बघतेय. म्हटलं, उशीर होतोय गं. तिने एक टोक उचललं, उलटंसुलटं केलं. मग मलाच विचारलं, आई, ह्याचं काय करायचं असतं?