विभागाचा रकाना

मुरलीपुरा, जयपूर
शनिवार

प्रिय विनयावन्सं,

त्या सकाळी सहाला नळ आला तसे मी दोन्ही हंडे भरले, बादल्या भरल्या, गच्चीवरच्या टाकीची मोटर लावली आणि कणीक मळायला बसले. हे खिडकीशी बुटांना पॉलिश करत होते. फौज सुटून चौदा वर्षं झाली होती, विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला जायचं, तरी बुटात तोंड दिसलं पाहिजे असा हट्ट. बूट झाले, मग एक कागद घेऊन आले आणि म्हणाले, इथे साक्षीदार म्हणून सही कर. माझे हात भरलेले. दोन बोटांत कसंबसं पेन धरून मी सही केली आणि कागदाच्या कडेला अंगठ्याचा कणकेचा ठसा उमटला. भजी बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय मी टाकत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तो मात्र वाचला नाही, गॅसवर दोडका होता. डबा हातात देताना त्यांनी सांगितलं, देहदानाचा फॉर्म आहे. मी म्हटलं, बरं, आणि दोडका परत आणू नका. एवढंच आमचं त्या विषयावरचं बोलणं.

तुम्ही मला विचारलं होतं, तू याला तयार तरी कशी झालीस. खरं उत्तर हे असं आहे. तेव्हा सांगायची लाज वाटली.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सकाळी दहाला ते गेले आणि दुपारी मेडिकल कॉलेजची गाडी आली. सहा तासांच्या आत द्यावं लागतं, वन्सं, थांबता येत नाही. तुम्ही कराडहून पुण्याला, पुण्याहून रेल्वेने अशा तिसऱ्या दिवशी पोचलात. पिशवीत लाल फडक्यात बांधलेला तांब्याचा कलश होता. मामंजींच्या अस्थी प्रीतिसंगमावर सोडल्या तेव्हाचाच तो, मी ओळखला. तुम्ही घरभर नजर फिरवली आणि म्हणालात, “माझा भाऊ गेलाय, का तुम्ही त्याला कुठं नेऊन ठेवलाय?” दुसऱ्या दिवशी तुम्ही कलश तसाच रिकामा घेऊन गेलात. त्यानंतर दोन भाऊबिजा झाल्या. मी फोन केला की सूनबाई म्हणतात, आत्याबाई पडल्यात जरा. दर वेळी तुम्ही कशा पडलेल्या असाल, हे मलाही कळतं. मी रागावले नाही. तुमच्या जागी मी असते तर कदाचित फोन फेकून दिला असता.

गेल्या महिन्यात कॉलेजकडून एक कागद आला. तुमच्या भावाचं पुढे काय करायचं ते मी त्यावर लिहून द्यायचं होतं. पण ते सांगण्याआधी ही दोन वर्षं मी काय करते ते सांगायला हवं. ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ते गेल्यावर महिन्याभराने मी एका गुरुवारी बसने विद्यापीठात गेले. मेडिकल कॉलेज त्याच आवारात आहे. तिथे जाऊन काय करणार होते, मला माहीत नव्हतं. गेटावरच्या रखवालदाराने विचारलं, अम्माजी, किससे मिलना है. आता काय सांगणार? तेवढ्यात गेटाशेजारच्या काचेच्या फलकावर नजर गेली. आठवड्याभराच्या कार्यक्रमांची यादी लावलेली होती आणि खाली लिहिलं होतं, प्रवेश सबके लिए खुला. त्या दिवशी तीन वाजता भूजल या विषयावर भाषण होतं. मी म्हटलं, भैया, भाषणाला आलेय. त्याने गेट उघडलं. मी चौथी पास बाई, नवऱ्याने युनिटच्या लायब्ररीतून आणलेली पुस्तकं वाचून वाचून वाचायला शिकले आणि त्या वाचण्याने मला त्या दिवशी आत नेलं.

तेव्हापासून मी दर गुरुवारी जाते. सोमवारी नवी यादी लागते. गुरुवारी मी ती कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेते. मधमाश्यांवरचं ऐकलं. जुन्या बावड्यांचे, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींचे फोटो पाहिले, त्यात आमेरची एक होती, तिच्या पायऱ्यांवर हे आणि मी बसून संत्री खाल्ली होती. डिसेंबरात शेवंतीचं प्रदर्शन असतं, ताटाएवढी फुलं. एकदा रक्तदानाच्या शिबिरात गेले तर त्यांनी माझं वय पाहून रक्त घेतलं नाही, बिस्किटाचा पुडा मात्र दिला. एकदा दीड तास मातीवरचं इंग्रजी भाषण ऐकलं. ‘सॉइल’ एवढा एकच शब्द कळला, पण शेवटी टाळ्या मनापासून वाजवल्या, कारण बोलणाऱ्या बाईंच्या नखांत खरोखरची माती होती.

कार्यक्रम संपला की सभागृहाच्या मागच्या व्हरांड्यात जाते. तिथून कडुलिंबाआड शरीररचना विभागाची पिवळी इमारत दिसते, तिच्या खालच्या मजल्याच्या खिडक्या उंचावर आहेत आणि त्यांना जाळ्या आहेत. समोर एक बाक आहे. त्यावर वीस मिनिटं बसते आणि पावणेसहाची बस धरते. मी तिथे त्यांच्याशी बोलत वगैरे नाही, वन्सं, मला वेड लागलेलं नाही. ते काम करत असताना मी बाहेर बसले आहे, एवढंच. पूर्वीही कधी बाजाराला जायचं असलं की मी कारखान्याच्या गेटाबाहेर अशीच बसायची. पाचचा भोंगा झाला की पाच मिनिटांत हे डबा हलवत बाहेर. बाकीचे चहा पीत, गप्पा मारत रेंगाळायचे. हे म्हणायचे, काम संपलं की माणसाने तिथे थांबू नये.

सभागृहाच्या दारात एक वही असते. नाव, विभाग, फोन. विभागाचा रकाना मी पहिले काही आठवडे रिकामा सोडला. मग वहीवरच्या मुलाने सांगितलं, कुछ तो लिखिए, मॅडम, साहेब ओरडतात. मी लिहिलं, शरीररचना. खोटं नव्हतं. आमचं माणूस त्याच विभागात होतं. पुढे दर गुरुवारी तेच लिहीत गेले आणि सगळे मला तिथल्या निवृत्त बाई समजू लागले. पहिल्या रांगेत बसा म्हणायचे. मीही कधी दुरुस्त केलं नाही. इतक्या दिवसांनी कुणीतरी उठून जागा देत होतं.

गेल्या पावसाळ्यापासून वहीवर अनुश्री नावाची मुलगी बसू लागली. वडील फौजेत, राहायला कॅंटोन्मेंटमध्ये, स्वतः तिथेच डॉक्टरकी शिकते. माझं नाव वाचून एकदम म्हणाली, तुम्ही मराठी? तिची मराठी अडखळत येते, मधे मधे हिंदीचा हात धरून. मग तिने रकाना पाहिला आणि विचारलं, “काकू, तुम्ही एनाटॉमीला काय शिकवत होता?”

मी म्हटलं, “मी नाही गं. आमचे हे असतात तिथे.”

“कौन-से सर?”

“सर नाहीत. फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. दिलंय त्यांना.”

तिने पेन खाली ठेवलं आणि उभी राहिली. मागे रांग लागली होती, तरी उभीच. मी पुढे झाले. पुढच्या गुरुवारपासून मागच्या दाराजवळची एक खुर्ची माझ्यासाठी रिकामी असायची. तिथून बाहेर पडायला सोपं जातं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. एकदा तिने साबुदाण्याची खिचडी चिकट का होते ते विचारलं, तेवढं बोललो.

आता त्या कागदाचं सांगते. त्यात लिहिलं होतं की विद्यार्थ्यांचा अभ्यास पूर्ण झालेला आहे. पुढे दोन चौकोन होते. पहिला, अस्थी शिकवण्यासाठी कायमच्या विभागात ठेवून घ्याव्यात. दुसरा, कॉलेजने सन्मानाने अंत्यसंस्कार करावेत आणि अस्थी कुटुंबाला द्याव्यात. फॉर्म शुक्रवारपर्यंत खिडकीत द्यायचा. सोबत निमंत्रण होतं, त्याच्या आदल्या दिवशी देहदात्यांच्या कुटुंबीयांचा सत्कार. गेटावरच्या यादीतही तो लागला, फोटोंच्या प्रदर्शनाच्या वर, आणि खाली नेहमीसारखं, प्रवेश सबके लिए खुला.

तुम्हाला खरं सांगते, मी पहिल्या चौकोनात खूण केली होती. पेन्सिलीने, पण केली होती. तुमच्या कलशाची आठवण आली नाही असं नाही. आली आणि तरी केली. ते तिथे आहेत तोवर मला गुरुवार आहे. इस्त्रीची साडी, बस, यादी, बाक. ते तिथून निघाले की मग आठवड्याचे सातही दिवस सारखेच. सकाळी पाणी भरायचं, एका माणसाची भाजी करायची, ती दोन वेळा पुरवायची. आम्हाला मूलबाळ नाही, हे तुम्ही मला कधी बोलून दाखवलं नाहीत, त्याचे उपकार मी विसरलेले नाही. पण या घरात दुपारी चार वाजता किती शांत असतं, ते तुम्हाला कराडच्या भरल्या घरात बसून कळायचं नाही. आणि मनाला समजावायला कारणही होतं. त्यांनीच लिहून दिलं होतं ना, उपयोगी पडेल तितकं घ्या.

गुरुवारी सत्काराला गेले. अकरा घरची माणसं होती. प्रत्येकाला शाल आणि तुळशीचं रोप दिलं. माझं नाव पुकारलं तेव्हा मला पहिल्या रांगेत बसवणारे ते साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मी नमस्कार करून खाली आले. मग विद्यार्थ्यांच्या वतीने अनुश्री बोलली. हिंदीत बोलली, कागद हातात होता पण त्यात बघत नव्हती. म्हणाली, पहिल्या दिवशी आम्ही नमस्कार करून सुरुवात केली. आम्हाला नावं सांगत नाहीत, म्हणून आमच्या टेबलावरच्या आजोबांना आम्ही नानाजी म्हणायचो. परीक्षेच्या आधी सांगून जायचो, नानाजी, आज सांभाळा. मार्चमध्ये शेवटचा दिवस होता. सगळ्यांनी मिळून चादर नीट केली. मग एकजण म्हणाला, थँक यू, सर. आणि आम्ही दिवे बंद करून निघालो.

माझ्या मनात तो मार्चच राहिला. ते नानाजी हेच होते की दुसरं कुणी, ते तिलाही माहीत नाही, मलाही नाही. पण काम मार्चमध्ये संपलं होतं. मार्चनंतर मी नऊ महिने त्या बाकावर बसत होते आणि आत हे काही करत नव्हते. भोंगा केव्हाच झाला होता. मीच त्यांना थांबवून ठेवलं होतं. जो माणूस रजा मंजूर झाली की बिस्तरा बांधून त्याच दिवशी कराडची गाडी धरायचा, बायकोच्या माहेरी जायचं असेल तर आधी एक दिवस बहिणीकडे म्हणायचा, त्याला.

बाहेर अनुश्री शालीची घडी घालायला मदत करू लागली. म्हणाली, “काकू, तुम्ही गुरुवारी येणं बंद नका करू हां. मतलब, काही झालं तरी.” मी तिला काही सांगितलेलं नव्हतं.

वन्सं, कॉलेजवाले तारीख कळवणार आहेत. कळली की फोन करीन, सूनबाईंनी उचलला तर त्यांच्याकडे निरोप ठेवीन. ते लाल फडकं जुनं झालं असेल तर नवं मी शिवते, तुम्ही फक्त कलश घेऊन या. तुम्ही चालेल म्हणालात तर संगमापर्यंत मी बरोबर येईन, नाही म्हणालात तर स्टेशनवरूनच परत फिरेन. एवढ्यासाठीच हे पत्र. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी पेन्सिलीची खूण खोडली आणि दुसऱ्या चौकोनात पेनने केली. ‘अस्थी कोण स्वीकारणार’ या ओळीवर तुमचं नाव लिहिलं, नात्यापुढे बहीण लिहिलं आणि फॉर्म खिडकीत दिला. कारकुनाने तो त्यांच्या फाइलला लावला तेव्हा आतला जुना कागद दिसला, कडेला कणकेचा पिवळट ठसा तसाच होता. मग सभागृहात पाखरांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं, तिथे गेले. वहीत नाव लिहिलं, विभागाच्या रकान्यात आडवी रेघ ओढली आणि आत जाऊन सगळे फोटो पाहिले.

तुमचीच,
पार्वती