खुर्चीच्या जागी लेथ

४ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं ठीक आहोत. दवाखान्याची पाटी उतरवली. दातांची खुर्ची एका नव्या डॉक्टरीणबाईंनी नेली. ती जिन्यावरून उतरवताना हमालांनी कठड्याचा रंग खरवडला आणि तुझ्या भावजयीने त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

खुर्चीच्या जागी आता लेथ बसवला आहे. लेथ म्हणजे काय, असं तू विचारणारच. धातूचा तुकडा गरगरा फिरतो आणि पुढ्यात घट्ट आवळलेलं हत्यार त्याला सोलत जातं. त्यावर मी वाफेचं इंजिन करणार आहे. खेळण्यातलं नव्हे, खरंखुरं चालणारं, पण चपलांच्या खोक्यात मावेल एवढं. त्याचे ओबडधोबड ओतीव भाग पेटी भरून आले आहेत. ते कातायचे, घासायचे, भोकं पाडून जोडायचे. दातांवर प्रकाश टाकायचा तो दिवा मी ठेवून घेतलाय. लेथवर तो झकास पडतो.

माझं पेन हल्ली सारखं गळतं, म्हणून दवाखान्यातल्या टाइपरायटरवर लिहिलं. राग मानू नकोस.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बापू

१७ जून

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीस! पाणी बंद राहणार की काय म्हणून मी घाईघाईने बादल्या काढल्या. सख्ख्या बहिणीला टाइप करून लिहितोस? फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते, म्हणून तर आपण पत्रं लिहितो. त्यात तुझं अक्षरही गेलं तर राहिलं काय? पेन गळत असेल तर दुसरं घे. यापुढे टाइप केलेल्या पत्राला माझ्याकडून उत्तर मिळायचं नाही, सांगून ठेवते.

आणि चांगला चालता दवाखाना असा तडकाफडकी का बंद केलास? तुझे पेशंट माझ्यापेक्षा म्हातारे होते, ते आता कुणाच्या तोंडाकडे बघणार? इंजिनाचं म्हणशील तर कर बाबा. लहानपणी माझं गजराचं घड्याळ उघडलं होतंस. ते अजून बंद आहे.

तब्येतीला जप. तूच करून दिलेल्या दातांनी अजून जेवणारी,

तुझी,
अक्का

२ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

यांच्या नकळत लिहिते आहे, म्हणून आधीच क्षमा मागते.

तुमचं पत्र यांनी सकाळी वाचलं. संध्याकाळी पेन आणि कागद घेऊन बसले. मग कागद चुरगाळून खिशात घातला. वन्सं, यांचं पेन गळत नाही. यांचा उजवा हात थरथरतो. तपासण्या झाल्या, जिवाला धोका नाही, पण थरथर जायचीही नाही, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याच्या तोंडात असला हात घालणार नाही, असं म्हणून यांनी त्याच आठवड्यात पाटी उतरवली. मी तिथे इतकी वर्षं पुढच्या टेबलावर बसले, यांच्या हातात चिमटे दिले, पण पाटी उतरणार हे मलाही आदल्या दिवशीच कळलं.

त्यानंतर हे नुसते खिडकीशी बसून असायचे. चहा गार व्हायचा. मग कुठेतरी लेथ चालताना पाहिला आणि घरी येऊन मला म्हणाले, तिथे हत्यार यंत्राने धरलेलं असतं, माणसाने फक्त चाक फिरवायचं. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्या वेळी यांनी हत्ती आणतो म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

पण यांनी स्वतःलाच अट घातली आहे. इंजिन चाललं नाही तर लेथ देऊन टाकायचा आणि या हातांकडून पुन्हा काही मागायचं नाही. मला त्या खिडकीची भीती वाटते, वन्सं. तुम्हाला हे ठाऊक आहे असं दाखवू नका. मात्र उत्तर बंद करू नका, एवढी विनंती.

तुमची माया आमच्यावर आहे, तशीच राहू द्या.

तुमची,
भावजय

१० जुलै

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी फार तोंड सोडलं. झालंय असं की माझा चष्म्याचा नंबर बदलला. नव्या चष्म्यातून हाताने लिहिलेलं सगळं मुंग्यांसारखं दिसतं आणि टाइप केलेलं स्वच्छ लागतं. तेव्हा तू आपला टाइपच करत जा. माझ्यासाठी एवढं कर.

इंजिनाचं सगळं सविस्तर लिही. कळलं नाही तरी वाचीन. घड्याळाबद्दल मनात काही ठेवलेलं नाही.

तुझी वाट बघणारी,
अक्का

२१ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझा चष्मा माझ्या पथ्यावर पडला. डोळे मात्र पुन्हा तपासून घे.

काम जोरात आहे. बिडाचा सिलिंडर आतून कातून झाला. त्यात मागेपुढे सरकायचा पिस्टन मी पितळेचा केला. वाफ त्याला ढकलते, तो दांड्याला ढकलतो आणि दांडा जड चाक फिरवतो. पिस्टन असा बसलाय की काय सांगू! केसभर फट नाही. खोलीत कुणीच नव्हतं, तरी मी मोठ्याने शाबास म्हणालो. लेथची एक गंमत म्हणजे चाक दोन्ही हातांनी धरलं की काम अगदी सरळ येतं.

बारीक स्क्रू मात्र तुझी भावजय बसवते. पूर्वी ती माझ्या हातात चिमटा द्यायची, आता मी तिच्या हातात देतो. वर ती मला घाई करू नका म्हणून दटावते. भुवयांच्या चिमट्याने ती असे स्क्रू लावते की मी तोंडात बोट घालतो.

परवा सायकलचा पंप जोडून हवा मारली आणि इंजिन फिरलं! जरा कुरकुरत, पण फिरलं. येत्या रविवारी बॉयलर पेटवून खरी वाफ सोडायची. तू असायला हवी होतीस.

लोभ आहे तेवढा पुरे, पण वाढला तर चालेल.

तुझा,
बापू

२९ ऑगस्ट

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे. रविवारी वाफ सोडली. चाक थोडं फिरलं, मंदावलं आणि गच्च थांबलं. यांनी बोटाने ढकलून पाहिलं, पण तसूभर हललं नाही. थंड झाल्यावर पुन्हा सुरळीत फिरलं. परत वाफ सोडली, परत अडकलं. सोमवारीही तेच. मी म्हटलं, तुम्ही पिस्टन फार घट्ट बसवला असेल. तर माझ्यावर उखडले. म्हणाले, उभ्या आयुष्यात मी कुठे फट ठेवली नाही, आता ठेवू?

खरंच आहे ते. दाताच्या टोपीखाली केसाएवढी फट राहिली तरी दात किडतो. फट दिसली की यांच्या अंगावर काटा येतो.

आता इंजिनावर टॉवेल टाकून ठेवलाय. लेथ घ्यायला कुणीतरी पुढच्या महिन्यात येणार आहे. हे परत खिडकीशी. मी हात टेकले आहेत. तुम्ही इंजिनाबद्दल नाही, दुसरं काहीही लिहा, पण लिहा.

तुमची,
भावजय

६ सप्टेंबर

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. तू करून दिलेली कवळी डाव्या बाजूला टोचायला लागली आहे. टोस्ट चहात बुडवून खावा लागतो, आणि मला बुडवलेला टोस्ट बघवतसुद्धा नाही. इथल्या एका दातवाल्याकडे गेले. तो म्हणाला, आजी, नवीनच करा. मी म्हटलं, माझ्या भावाने केलेली आहे, तू हात लावू नकोस. आणि तरातरा घरी आले.

पहिल्या वेळचं आठवतं का तुला? आरशात किती सुरेख दिसत होती! तू कॉलर ताठ करून उभा होतास, आणि घरी येऊन जेवायला बसले तर डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी मी तुला नाही नाही ते बोलले. तू मुकाट्याने तो निळा कागद माझ्या दातांत धरलास आणि चाव म्हणालास. निळा डाग उमटला तेवढंच घासलंस. मग परत चाव, परत घास. मी कंटाळले, तू नाही कंटाळलास. शेवटी मी तुझ्यासमोर अख्खं सफरचंद खाल्लं होतं. पहिल्या झटक्यात तुझं कुठलं काम जमलेलं मला तरी आठवत नाही. पण अर्धवट सोडलेलंही आठवत नाही. घड्याळ सोडून.

तर माझ्या डाव्या बाजूचं काय करायचं ते कळव.

दातओठ खाऊ न शकणारी,
तुझी,
अक्का

२० सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हे अक्षर बघून घाबरू नकोस. हात थरथरतो, म्हणून ओळी अशा भरकटल्या आहेत. दवाखाना त्यामुळेच बंद केला. तुला सांगायची लाज वाटली. पण तुला हे ठाऊक असावं असा मला दाट संशय आहे, कारण चष्म्याचा असला नंबर जगात कुणालाच लागत नाही.

तुझं पत्र वाचलं आणि टॉवेल काढला. दवाखान्याच्या कपाटात निळ्या कागदांची डबी होतीच. सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही तव्यावर तापवले (तव्यावरून झालेलं भांडण भेटीत सांगीन). निळा कागद पिस्टनवर चोळला, फडक्याने धरून तो आत सरकवला आणि बाहेर काढला. एका कडेचा निळा रंग साफ पुसला गेला होता. तिथेच घासत होतं. पितळ तापलं की बिडापेक्षा जास्त फुगतं. मी त्याला फुगायला जागाच ठेवली नव्हती. तोंडात कुणी वाफ सोडत नाही ना! तुझ्या भावजयीने हे अडकलं तेव्हाच सांगितलं होतं. मी तिची माफी मागितली. तिने ती दोनदा मागायला लावली.

मग लेथवर किंचित कातलं, परत तापवलं, परत निळं. तुझ्या कवळीला केलं तसंच, कंटाळा न करता. काल दुपारी वाफ सोडली. अक्का, चाललं. बॉयलरखालच्या दिव्यातलं स्पिरिट संपेपर्यंत चाललं. हिने डोळ्यांना पदर लावला आणि डोळ्यांत तेल उडालं म्हणाली. मी तसलं काही सांगितलं नाही. सरळ रडलो.

लेथ न्यायला माणूस आला होता. त्याला इंजिन दाखवलं, चहा पाजला आणि परत पाठवला.

कवळी घेऊन ये. तोंडात हात घालणार नाही, पण तू चाव, मी यंत्रात धरून घासतो. लेथला माझा हात कसाही चालतो.

या वाकड्या अक्षरावरही लोभ असू दे.

तुझा,
बापू

२७ सप्टेंबर

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर एका दमात वाचलं, जुन्याच चष्म्याने. उगाच कौतुक नको करून घेऊस. डॉक्टर असताना तुझं अक्षर फक्त औषधवाल्याला कळायचं, आता मला कळलं. सुधारलं आहे. मग दारं लावून घेऊन मीही पोटभर रडले. टाइप केलेल्या पत्राला उत्तर देणार नाही म्हणाले होते, ते शब्द मी परत घेतले आहेत, पण यापुढे टाइप करायचं कारण मला दिसत नाही.

शनिवारी येते. सोबत कवळी, सफरचंदं आणि ते गजराचं घड्याळ. स्पिरिट भरून ठेव. आणि माझ्या भावजयीला सांग, स्क्रू तिनेच लावायचे.

तुझी,
अक्का